लेसची शाल सुईवरून उतरल्यावर बोळ्यासारखी का दिसते?

प्रश्न खानापूरच्या एका वहिनींचा आहे. पंधरा वर्षं त्या मुलांचे स्वेटर, टोपडी, मोजे विणताहेत, म्हणजे हात नवखा नाही. यंदा पहिल्यांदाच व्हिडिओ बघून त्रिकोणी लेस शाल घातली, पानांच्या नक्षीची. बेळगावातून बेबी वूल आणलं, घरात ८ नंबरच्या सुया होत्याच. आता तक्रारी अशा : जाळी उघडतच नाही, सगळं चुरगळलेलं दिसतं, पानांच्या कडा व्हिडिओतल्यासारख्या सरळ न येता पिळल्यासारख्या येतात, आणि १०० ओळींच्या शालीतल्या १४ ओळी राहिल्या असताना लोकर संपली, तसाच रंग पुन्हा मिळेना. "उसवू का? आणि सासूबाई म्हणतात, एवढे पैसे घालण्यापेक्षा आपल्या धनगराकडची लोकर का नाही घेतली?"

वहिनी, उसवू नका. तुमच्या पत्रावरून मला तरी विणकामात मोठी चूक दिसत नाही. दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी आडव्या आल्यात, त्या सुट्या करून बघू.

पहिली गोष्ट, सुईवरून उतरलेली लेस बोळ्यासारखीच दिसते. माझीही दिसते, तीस वर्षांनंतरही. स्वेटर विणताना जसजसं पाठ-पोट वाढतं तसतसं ते स्वेटरसारखं दिसायला लागतं, म्हणून आपल्याला सवय असते की सुईवर दिसतं तेच खरं. लेसमध्ये तसं नाही. एका ठिकाणी धागा पुढे घेऊन टाका वाढवायचा, शेजारी दोन टाके एकत्र करून तो कमी करायचा. वाढवलेल्या जागी भोक पडतं आणि एकत्र केलेल्या जागी रेघ उमटते. सगळी नक्षी एवढ्यावरच उभी असते. पण विणताना धागा आखडतो आणि भोकं मिटून बसतात. मांडे करणाऱ्या बाईच्या हातात कणकेचा गोळा असतो तेव्हा त्यात मांडा दिसतो का? तो हातावर ताणत ताणत, खापरावर पडेपर्यंत होतो. शालही धुऊन, ताणून, टाचून वाळवल्यावर होते. माझ्या हातची लांबी-रुंदीला पाव ते तिसरा हिस्सा वाढते.

हे ताणणं टिकतं ते खऱ्या लोकरीत. लोकर आणि आपले केस एकाच जातीच्या प्रथिनाचे, केराटिनचे. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून रात्रभर ठेवली की सकाळी केसांना लाटा राहतात ना? पाण्याने तंतूच्या आतले काही बंध सुटतात आणि वाळताना ज्या आकारात तंतू असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. शालीत हेच घडतं. आणि दुकानात 'बेबी वूल' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. नावात वूल असलं तरी मेंढीशी त्याचा संबंध नाही. ॲक्रिलिक पाण्यात बुडवा, ताणा, टाचा. टाचण्या काढल्या की पुन्हा होतं तसं. लहान मुलांच्या कपड्यांना ते चांगलंच, रोज धुता येतं. लेसला नाही.

ओळखायचं कसं? वीतभर धागा चिमट्यात धरून पेटवून बघा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटाने चुरडेल अशी राख उरते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. दुकानातच हे करू नका एवढंच. मी एकदा केलं होतं, त्यानंतर तिथं माझं स्वागत जरा कोरडंच होतं.

सासूबाईंचा मुद्दा मात्र मला आवडला. आपल्या भागातली दख्खनी मेंढी, तिच्या लोकरीची घोंगडी, त्यावर चिंचोक्याची खळ. पावसात शेतात उभं राहायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ती लोकर जाड, राठ, केसाळ. तिचा बारीक पीळ होत नाही, आणि झाला तरी गळ्याला टोचेल. लेसला लागते ती मऊ, बारीक तंतूची लोकर. जगात जिथं जिथं या शाली नावाजल्या तिथं कच्चा माल तसाच होता. स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवर मेंढीच्या मानेजवळची बारीक लोकर हाताने उपटून घेत. तिच्या शाली लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येत. रशियात ओरेनबुर्गला बकरीच्या अंगावरची मऊ लव रेशमाच्या बारीक धाग्याबरोबर पिळतात. एस्टोनियातलं हापसालू हे समुद्रकाठचं गाव, तिथं मधला भाग आणि लेसची किनार वेगवेगळी विणून मग शिवतात. आपली काश्मिरी पश्मिना बारकाईत यांच्यापेक्षा कमी नाही, पण ती मागावर विणतात, सुयांवर नाही. दोन्हींची गल्लत करून "पश्मिना विणायला शिकवा" म्हणणारी एखादी तरी दरवर्षी माझ्या विणकामाच्या वर्गात येते.

तुम्ही मरीनो मेंढीची २ प्लाय, म्हणजे दोन पदरी, लोकर घ्या. लेबलवर १०० ग्रॅमला किती मीटर ते बघा. ६०० ते ८०० मीटर असेल तर ती लेसची. पहिल्याच वेळी त्याहून बारीक घेऊ नका. आणि लेबलवर 'सुपरवॉश' असेल तर मी तरी टाळते; मशीनमध्ये धुता यावी म्हणून तिच्यावर प्रक्रिया केलेली असते, ताणलेला आकार ती तितका धरत नाही. मोहेर, म्हणजे लांब केसाळ तंतूची बकरीची लोकर, तिच्या मोहात तर पडूच नका. फोटोत ढगासारखी दिसते, पण एक टाका चुकला की तंतू एकमेकांत असे अडकतात की उसवताना डोळ्यांत पाणी येतं.

आता सुया. इथं बऱ्याच जणी फसतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. आपल्याकडे सुयांचे जे नंबर आहेत ते जुने इंग्लंडचे : नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. त्यांची ६ ती आपली ८, आणि आपली ६ ती त्यांची ८. गंमत म्हणजे ७ नंबर दोन्हीकडे ४.५ मिलिमीटरच. तुमचा व्हिडिओ बहुतेक अमेरिकन असणार. त्यात '८' ऐकून तुम्ही आपली ८ घेतली आणि शाल एक मिलिमीटर बारीक सुईवर गच्च विणली गेली. लेसला धाग्याच्या मानाने सुई जाडच हवी. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर विचारा. सुईवर आकडा पुसला असेल तर छिद्रांची मापपट्टी मिळते, तिच्यात घालून बघायची.

पिळलेल्या कडांकडे येते. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि व्हिडिओत तो कुणी सांगत नाही, कारण शिकवणारीला आपण कसा टाका घेतो ते माहीतच नसतं.

डाव्या सुईवरचा एक टाका नीट बघा. त्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढून उतरतो, एक मागून. सुईच्या टोकाकडचा पाय पुढे असेल तर टाका व्हिडिओतल्यासारखा बसलाय. टोकाकडचा पाय मागे गेला असेल तर तो उलटा बसलाय. हे ठरतं उलट टाका घेताना. धागा सुईवर वरून खाली गुंडाळला तर टाका सरळ बसतो; सुईच्या टोकाने धागा खालून ओढून घेतला तर उलटा बसतो. खालून ओढणं सोपं आणि वेगाचं, म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी तसंच करतात. माझी आईही तशीच विणायची. स्वेटरमध्ये काही बिघडत नाही, कारण पुढच्या ओळीत त्याच बायका सवयीने सुलट टाका मागच्या पायातून घेतात आणि पीळ आपोआप सुटतो. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं, हात करून जातो.

लेसमध्ये मात्र व्हिडिओतली बाई म्हणते 'दोन टाके पुढून एकत्र सुलट', तुम्ही आज्ञाधारकपणे पुढून घेता, आणि उलटे बसलेले ते दोन टाके पिळले जातात. पानाची उजवीकडे झुकणारी रेघ बिघडली. मग ती म्हणते 'दोन टाके एक एक करून सुलट घेतल्यासारखे उजव्या सुईवर सरकवा आणि मागून एकत्र विणा'. तिचे टाके त्याने वळून नीट बसतात, तुमचे आणखी पिळतात. डावीकडची रेघही गेली.

उपाय दोन आहेत. एक, लेस विणताना उलट ओळीत धागा वरून गुंडाळायचा. पहिल्या दोन दिवसांत हात बंड करतो, मग बसतो. दुसरा, सवय तशीच ठेवायची आणि नियम बदलायचे : साधे सुलट टाके नेहमीसारखे मागून, डावीकडे झुकणारी जोडी न सरकवता थेट मागून एकत्र, आणि उजवीकडे झुकणारी जोडी करताना आधी दोन्ही टाके एक एक करून वळवून घ्यायचे, मग पुढून एकत्र. मी साठीच्या पुढच्या बायकांना दुसरा उपाय सांगते, बाकीच्यांना पहिला. तुम्ही पहिला धरा. पुढे नकाशे, म्हणजे नक्षीचे चौकटींचे तक्ते, वाचायला लागाल तेव्हा दर खुणेला मनात भाषांतर करावं लागणार नाही.

लोकर संपली त्याचं गणित सांगते, ते कळलं की स्वतःवरचा राग जाईल. तुमची शाल मानेपाशी ९ टाक्यांनी सुरू झाली आणि दर दोन ओळींनी ४ टाके वाढले. १०० ओळींनंतर सुईवर २०९ टाके. पूर्ण शालीचे टाके मोजले तर ११,१०० होतात. निम्म्या ओळी, म्हणजे ५०, झाल्या तेव्हा त्यातले ३,०५० झालेले असतात, जेमतेम पावापेक्षा थोडे जास्त. निम्मी लोकर संपते ती ७० व्या ओळीच्या आसपास. आणि शेवटच्या १४ ओळी? २,७५८ टाके, सगळ्या शालीचा चौथा हिस्सा! तुम्हाला वाटलं थोडक्यात हुकलं. प्रत्यक्षात पाव शाल बाकी होती. त्यात टाके बंद करायला धागा लागतो तो वेगळा, काठाच्या लांबीच्या चौपट तरी हाताशी ठेवावा.

म्हणून त्रिकोणी शालीत स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा लागतो. गुंडा वजन करा, दोन ओळी विणा, पुन्हा वजन करा. दोन ओळींना ३ ग्रॅम लागले आणि गुंड्यात २० उरले, तर अजून किती ओळी ते लगेच समजतं, आणि नक्षीचा एक फेरा पूर्ण होईल तिथं शाल थांबवता येते. दोन ओळी कमी झालेल्या कुणाला कळत नाहीत. रंगाचं म्हणाल तर लोकर एकाच रंगवणीची, एकाच लॉट नंबरची, आणि एक लड जास्तीची घ्यायची.

लोकर लडीत आली तर आधी गुंडा करून घ्या. दोन खुर्च्यांच्या पाठी किंवा नवऱ्याचे दोन हात, जे मोकळं असेल ते. आणि नवा गुंडा जोडताना गाठ मारू नका, लेसमध्ये गाठ डोळ्यात खुपते. खरी लोकर असेल तर दोन्ही टोकं थोडी विंचरल्यासारखी मोकळी करा, एकमेकांवर ठेवा, ओली करा आणि तळव्यांत वात वळतो तशी जोरात वळा. ती एकजीव होतात. ॲक्रिलिकचं हे होत नाही.

चूक होणारच. ती दोन ओळींत सापडेल अशी व्यवस्था करायची. नक्षीच्या प्रत्येक भागानंतर सुईवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक फासा घाला आणि परतीच्या उलट ओळीत दोन फाशांमधले टाके मोजा. एक कमी भरला तर बहुतेक वेळा 'धागा पुढे' विसरलेलं असतं. उसवायचं नाही, त्या जागी दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईवर उचलून घ्यायचा. आणि नक्षीचा एक फेरा पूर्ण झाला की शिवणाच्या सुईत दोरा ओवून सगळ्या टाक्यांतून आरपार घालून ठेवायचा. आम्ही वर्गात त्याला राखणदोरा म्हणतो. पुढे कितीही गोंधळ झाला तरी सुई काढून घ्या, उसवत या, राखणदोऱ्यापाशी शाल थांबते. दोरा फाशांमधून मात्र नेऊ नका, नाहीतर फासे तिथंच अडकतात. मीही अडकवलेत.

नकाशा वाचायला शिकून घ्याच. ठिपक्यांची रांगोळी ज्यांना येते त्यांना तो आठवड्यात येतो. तो खालून वर वाचायचा, सुलट ओळी उजवीकडून डावीकडे. काही चौकटी करड्या असतात. तिथं टाकाच नाही, पुढच्या चौकटीवर जायचं. आमच्या वर्गात निम्म्या कन्नड बोलणाऱ्या, निम्म्या मराठी. लिहिलेली कृती असली की कुणाच्या तरी भाषेतली नाही म्हणून कुरकुर व्हायची. नकाशा आणला तेव्हापासून सगळ्यांची मान एकाच कागदावर.

तोवर पुढच्या सरावाला शाल नको, स्कार्फ घ्या. शेटलंडची एक जुनी लाटांची नक्षी आहे, चार ओळींची, त्यातली नक्षीची ओळ एकच. ४ मिलिमीटर सुईवर ६० टाके सैल हाताने घाला : ३ कडेचे, १८ चे तीन भाग, ३ कडेचे. पहिली ओळ सगळी सुलट. दुसऱ्या ओळीत कडेचे तीन-तीन सुलट, मधले सगळे उलट. तिसऱ्यात कडेचे ३ सुलट. मग प्रत्येक भागात दोन एकत्र असं तीनदा, 'धागा पुढे, एक सुलट' असं सहा वेळा, पुन्हा दोन एकत्र तीनदा. शेवटी ३ सुलट. चौथी सगळी सुलट. हेच करत राहायचं. साधारण ४०० मीटरमध्ये गळ्याभोवती घ्यायचा स्कार्फ होतो.

टाके बंद करताना नेहमीची पद्धत वापराल तर काठ दोरीसारखा आवळेल आणि पुढे कितीही ताणा, शाल तिथं उघडणार नाही. दोन टाके मागून एकत्र सुलट विणा, जो एक टाका उजव्या सुईवर आला तो परत डाव्या सुईवर सरकवा, पुन्हा दोन एकत्र. उजव्या हातात एक नंबर जाड सुई.

मग पाणी. कोमट नाही, साधं. त्यात रिठ्याचं पाणी थोडं, किंवा लोकरीचा सौम्य साबण. अर्धा तास बुडवून ठेवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नळाखाली धरायचं नाही. ऊन पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि शालीचा नमदा, म्हणजे आटलेला घट्ट जाड थर, होतो; तो परत फिरत नाही. बाहेर काढताना दोन्ही हातांवर धरून काढा, जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि त्यावर उभं राहा, पाणी टॉवेल पितो.

ताणायला गादी चालते, मुलांच्या खेळायच्या फोमच्या चटया त्याहून चांगल्या. त्रिकोणाची वरची सरळ कड आधी टाचा, मग मधलं टोक खाली ओढा, मग पानांची टोकं एक एक. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच. माझ्या पहिल्या पांढऱ्या शालीवर साध्या टाचण्यांचे ३८ तांबूस ठिपके पडले होते. शेवटी ती मी चहाच्या पाण्यात बुडवली आणि मुद्दाम तशी रंगवली असं सांगत फिरले. घरात जुनी लाकडी बाज असेल तर आणखी सोपं : काठाच्या टोकांतून सुती दोरा ओवायचा आणि तो चौकटीला चारी बाजूंनी बांधायचा. शेटलंडमध्येही लाकडी चौकटीवरच ताणत.

आपल्याकडची खरी अडचण जून ते सप्टेंबर. खानापूरच्या पावसात रुमाल दोन दिवस वाळत नाही तिथं शाल काय वाळणार? लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पिऊनही हाताला कोरडी लागते, म्हणून हात लावून फसू नका. पंखा लावून पूर्ण दोन दिवस टाचलेली राहू द्या. शक्य असेल तर पावसाळ्यात विणून ठेवा आणि दसऱ्यानंतर ताणा. बेळगावची थंडी तशीही डिसेंबर-जानेवारीतच जाणवते. कसर लागू नये म्हणून धुतल्याशिवाय शाल कपाटात ठेवायची नाही. घामाचा, तेलाचा अंश राहिला की किडे तिथंच आधी येतात. कडुलिंबाचा पाला घाला, पण मुख्य काम धुण्याचं.

राहिली तुमची अर्धवट शाल. ती ८६ ओळींवर, १८१ टाक्यांवर आहे. पानांचा शेवटचा पूर्ण फेरा जिथं संपला असेल तिथपर्यंत उसवा, बाकीची नको. त्यातूनच टाके बंद करायला धागा मिळेल. वर सांगितल्याप्रमाणे सैल बंद करा. ॲक्रिलिक पाण्याला जुमानत नाही, पण उष्णतेला जुमानतं. शाल कोरडीच ताणून टाचा, वाफेची इस्त्री तिच्यापासून दोन बोटं वर धरा आणि नुसती वाफ द्या, इस्त्री टेकवायची नाही. धागा सैल पडतो, जाळी उघडते, आणि ती तशीच राहते. पण हे एकदाच करता येतं. वाफ जास्त झाली तर शाल लोळागोळा होऊन लोंबायला लागते आणि मग काही इलाज नाही. त्यासाठी उसवलेल्या धाग्यातून आधी वीस टाक्यांचा, वीस ओळींचा एक तुकडा त्याच नक्षीत विणा आणि वाफ त्याच्यावर देऊन बघा.